डॉक्टरांच्या मागचा आवाज

किस्से कुणी मुद्दाम साठवत नाही. कानात मळ साठतो तसे ते आपोआप साठतात, आणि मग कधीतरी कुणीतरी खोदून काढतं. आमचं खोदकाम लग्नात होतं. मुरबाडच्या आमच्या सेंटरवर काम केलेले आम्ही सहा जण कुणाच्या ना कुणाच्या मांडवात भेटतो, ताटं घेऊन एका कोपऱ्यात जमतो आणि हसत बसतो. नवरदेव कोण, नवरी कोण, याकडे आमचं लक्ष नसतं. यजमान रागावतात, पण पुढच्या लग्नाला पुन्हा बोलावतात!

सेंटर म्हणजे मेडिकल ट्रान्सक्रिप्शनचं. दोन हजार तीन-चारचा सुमार. तिकडे अमेरिकेत डॉक्टर पेशंट तपासायचा आणि काय आढळलं ते बोलून रेकॉर्ड करून ठेवायचा. तो घरी झोपायला गेला की ते बोलणं फाइल होऊन आमच्याकडे यायचं. आम्ही दिवसभर कानाला हेडफोन लावून ते ऐकायचं, कॉम्प्युटरवर टाइप करायचं आणि संध्याकाळी परत पाठवायचं. नेट बंद पडलं की सर जीप पकडून कल्याणला जायचे आणि फाइली सीडीवर घालून आणायचे. मुरबाडला रेल्वे नाही, पण अमेरिकेत कुणाचं पोट दुखलं ते आम्हाला दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीपर्यंत कळायचं!

सर म्हणजे सेंटरचे मालक. आधी त्यांचा टायपिंगचा क्लास होता. टाइपरायटरला गिऱ्हाईक राहिलं नाही तेव्हा त्यांनी सहा कॉम्प्युटर मांडले. मी किन्हवलीहून एसटीने यायचे. माझं काम दुसऱ्यांच्या टायपिंगमधल्या चुका काढण्याचं. आमचे हे म्हणतात, त्या कामासाठी तुला पगार मिळायचा हे ऐकून मला आजही नवल वाटतं.

*

सुरुवातीला आमच्याकडे सहा स्वस्तातले हेडफोन होते. त्यांत डॉक्टर ऐकू यायचा, बाकी काही नाही. दिलीप म्हणाला, एक तरी चांगला पाहिजे. हा दिलीप भातसानगरचा. वडील धरणावर नोकरीला, त्यामुळे कॉलनीच्या शांततेत वाढलेला. कुणी जवळ बसून पापड खाल्ला तरी त्याच्या कपाळावर आठी. त्याने सरांच्या मागे लागून मुंबईहून एक जाडजूड, कान पूर्ण झाकणारा हेडफोन आणला.

लावला, आणि आतून घूंऽऽ असा आवाज! डॉक्टर गप्प असतानाही घूंऽऽ. सर भडकले. "फसवलं तुला! परत दे." दिलीप बिचारा पुन्हा मुंबईला गेला. दुकानदाराने हेडफोन स्वतःच्या कानाला लावून पाहिला आणि म्हणाला, "हेडफोन चांगला आहे, म्हणूनच ऐकू येतंय. तुमचा आधीचा बहिरा होता!"

खोट हेडफोनमध्ये नव्हती, कॉम्प्युटरच्या वीजजोडणीत होती. वायरमनने सांगितलं, अर्थिंगच नाही. मग मागच्या अंगणात खड्डा खणला, त्यात तांब्याची पट्टी उभी केली, भोवती मीठ आणि कोळसा भरला, आणि वर पाणी ओतायला एक पाइप ठेवला. "रोज एक कळशी घाला, जमीन ओली पाहिजे," असं सांगून वायरमन गेला.

आमच्याकडे झाडलोट करायला शेवंतामावशी यायच्या. त्यांनी पाहिलं की सरांनी खड्ड्यात मीठ घातलं, कोळसा घातला, आणि आता रोज सकाळी येऊन पाणी घालतात. त्यांनी हळूच विचारलं, "कुनाची नजर लागली, सर?"

सर वैतागलेले होते. "अमेरिकेची!" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पाइपाला हळदकुंकू. वर जास्वंदीचं फूल. पायथ्याशी नारळाची कवड! सर फडकं घेऊन पुसायला निघाले. तेवढ्यात आतून, हेडफोन कानाला धरून, दिलीप ओरडला, "सर, राहू द्या! आवाज गेलाय!"

त्या दिवसापासून सर पाणी घालताना चपला काढून ठेवायला लागले.

*

चांगल्या हेडफोनचा एक मोठा तोटा म्हणजे बाहेरचं काहीच ऐकू येत नाही. आपण किती मोठ्याने बोलतो तेही नाही. दिलीपला दुपारी जेवणानंतर डुलकी यायची. हेडफोन लावून, फाइल चालू-बंद करायच्या पायाखालच्या पेडलवर पाय ठेवून तो असा झोपायचा की पाठीमागून बघणाऱ्याला वाटावं, पोरगा कामात बुडालाय.

एकदा झोपण्याआधी त्याने शेजारच्या मुलीच्या कानात कुजबुजून सांगितलं. म्हणजे त्याला वाटलं, कुजबुजलो. "सर आले तर मला उठव गं!" हे एसटी स्टँडपर्यंत ऐकू गेलं.

सर त्याच्या मागेच उभे होते. त्यांनी त्याच्या एका कानावरचा हेडफोन उचलला आणि प्रेमाने म्हणाले, "आलोय. ऊठ."

*

त्या हेडफोनमधून आणखी एक गंमत ऐकू यायची. सरांचा मोबाइल, सेंटरमधला एकुलता एक, टेबलावर पडलेला असायचा. त्याला फोन येणार असला की वाजण्याआधी हेडफोनमध्ये टिडिक-टिडिक-टिडिक असा आवाज यायचा. मग हेडफोनवाला टायपिंग न थांबवता म्हणायचा, "सर, फोन." आणि फोन वाजायचा!

बाहेर चहाची टपरी चालवणारे पांडूकाका एकदा कप द्यायला आले आणि त्यांनी हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. ते तिथेच ट्रे धरून उभे राहिले. त्यांचा मुलगा गुजरातला कामाला गेला होता, आणि सरांच्याच नंबरवर कधीमधी फोन करायचा. तेव्हापासून काका रोज चार वाजता चहा घेऊन यायचे आणि हेडफोनवाल्याला विचारायचे, "आज हाय काय माझ्या पोराचा?"

आम्ही त्यांना तीनतीनदा समजावलं की हे आधी फक्त दोन सेकंदच कळतं, आणि कुणाचा ते कळत नाही. ते मान डोलवायचे. "बरोबर हाय. देव पन सगलं सांगत नाय."

पण तेव्हापासून हेडफोनवाल्याला त्यांनी कधी फुटका कप दिला नाही. आणि एकदा खरंच मुलाचा फोन आला तेव्हा सहाही जणांना चहा फुकट मिळाला.

*

खरी मजा होती ती डॉक्टरांच्या मागच्या आवाजांची. जुन्या हेडफोनमध्ये सगळे डॉक्टर सारखेच वाटायचे. नव्या हेडफोनने त्यांची घरंदारं उघडी केली! एक डॉक्टर वेफर्स खात बोलायचा. एकाच्या मागे टीव्ही चालू. एकजण चक्क संडासातून बोलायचा, कारण रिपोर्ट संपला की पाणी सोडल्याचा आवाज यायचा. आम्ही त्याला 'स्वच्छ डॉक्टर' म्हणायचो.

एकाची बायको मागून हाका मारायची. शब्द कळायचे नाहीत, पण सूर ओळखीचा होता. शेवंतामावशींनी एकदा हौसेने कानाला लावून ऐकलं आणि लगेच निकाल दिला, "दूध संपलंय तिचं." पुढची फाइल त्या डॉक्टरने इतकी घाईत संपवली की आमची खात्री पटली.

आता नियम असा होता की डॉक्टर बोलेल ते शब्दशः टाइप करायचं. स्वतःची अक्कल लावायची नाही. दिलीप नियमाचा पक्का. एका डॉक्टरचा रिपोर्ट त्याने केला तो माझ्याकडे तपासायला आला. त्यात लिहिलं होतं: पेशंट डिनाइज चेस्ट पेन. ब्रूनो, सिट डाउन. अॅब्डोमेन सॉफ्ट.

मी विचारलं, "हा ब्रूनो कोण?"

"कुत्रा."

"मग तो रिपोर्टमध्ये काय करतोय?"

"डॉक्टर बोलले ना! शब्दशः!"

मी कागद घेऊन सरांकडे गेले. सरांनी शांतपणे वाचला आणि मला विचारलं, "बसला का मग?"

*

या सगळ्यात आमच्याकडे वनिता आली. टोकावड्याच्या पुढच्या गावातली, बारावी झालेली, बोलायला कमी. तिच्या वडिलांची भाताची गिरणी होती. हे गणपतकाका स्वतः तिला सोडायला आले आणि सगळ्यांसमोर अट सांगून गेले, "दिवालीपर्यंत बसूंदे हिला. भात झोडून झालं का गिरणीवर मानूस लागतो. मंग हिला न्यायला येईन."

ते गेल्यावर वनिता मला म्हणाली, "ताई, मला पुढल्या दिवालीला पन हितंच बसायचं हाय." एवढं एकच वाक्य. मग ती कामाला लागली. मला तिचं ते वाक्य फार भिडलं, कारण मीही घरी भांडूनच रोज एसटी पकडत होते.

आमच्याकडे एक डॉक्टर होता, त्याला सगळे घाबरायचे. त्याच्या मागे कसलंतरी मशीन चालायचं. घर्रर्र, मध्येच धडधड, पुन्हा घर्रर्र. त्याच्या फाइली म्हणजे कपाळाला हात! पण सर्वांत जास्त काम त्याचंच यायचं. त्याचं काम गेलं असतं तर आमच्यातल्या निम्म्यांना घरी बसावं लागलं असतं.

दिलीपने आवाज गाळायचं एक सॉफ्टवेअर आणलं. त्याने मशीनचा आवाज गेला, पण त्याबरोबर डॉक्टरही गेला. उरला तो विहिरीत पडलेल्या माणसासारखा बोलत होता.

वनिताने मूळ फाइल मागितली. तो मोठा हेडफोन लावला, आणि पहिल्याच फटक्यात अख्खा रिपोर्ट टाइप केला. मी चुका शोधायला बसले आणि रिकाम्या हाताने उठले. असं माझ्या बाबतीत सहसा होत नाही.

दिलीपने विचारलं, "तुला त्या आवाजात ऐकू कसं येतं?"

"गिरनी चालू असली तरी आमच्या घरी मानसं बोलतातच ना," ती म्हणाली. "गिरनी बंद होईपर्यंत बोलाय थांबायचं काय?"

त्यानंतर चांगला हेडफोन वनिताचा झाला. दिलीप आठवडाभर रुसला होता. आठव्या दिवशी त्याने स्वतः कापूस आणि स्पिरिट आणून तिला हेडफोनच्या गाद्या पुसून दिल्या.

*

पण एकदा तिलाही ऐकू आलं नाही. त्याच घर्रर्रवाल्या डॉक्टरची फाइल. एका म्हाताऱ्या पेशंटच्या गोळीचा डोस सांगताना मागच्या मशीनने असा काही दणका दिला की आकडाच गेला. वनिताने ती जागा मोकळी सोडली.

ऐकू आलं नाही तर जागा मोकळी सोडायची आणि फाइलीबरोबर दोन ओळींची चिठ्ठी जोडायची, असा नियमच होता. पण अशा मोकळ्या जागा जास्त झाल्या की काम देणाऱ्यांकडून बोलणी बसायची, आणि त्या महिन्यात आम्ही आधीच बोलणी खाल्ली होती. सर म्हणाले, "अगं, त्या पेशंटला दर वेळी पन्नासच असतो. मागचे रिपोर्ट बघ. लिही पन्नास."

"मला पन्नास ऐकाय आलं नाय, सर."

"मग काय ऐकायला आलं?"

"कायच नाय."

सर चिडले. माझ्याकडे वळले. मी मागचे तीन रिपोर्ट काढले. तिन्हींत पन्नास. मी म्हणाले, "वनिता, लिही आता. मी सही करते."

तिचे डोळे भरले, पण बोट हललं नाही. "ताई, त्या म्हाताऱ्याला कुठं माहीत हाय तुमी सही केली ते!"

सर हात झटकून बाहेर गेले. दिवाळी पंधरा दिवसांवर होती. ते जाता जाता बोलले ते मी ऐकलं, तिने ऐकलं नसेल अशी आशा आहे. "नाहीतरी जायचीच आहे ती." फाइल मोकळ्या जागेसकट गेली.

दोन दिवसांनी डॉक्टरकडून उत्तर आलं. पंचवीस. पेशंटची किडनी नीट चालत नव्हती म्हणून त्याने डोस त्याच दिवशी निम्मा केला होता. खाली त्याने लिहिलं होतं, ही जागा ज्याने मोकळी सोडली त्याचे आभार.

सरांनी ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी वाजवल्या. मला मात्र लाज वाटत होती. पंधरा वर्षांहून जास्त झाली, अजून वाटते. त्या दिवशी मी माझा डबा वनितासमोर ठेवला आणि म्हणाले, "माझं चुकलं गं." तिने त्यातली बोंबलाची चटणी तेवढी घेतली आणि म्हणाली, "तिखट हाय, ताई."

*

आता ते सेंटर नाही. डॉक्टर बोलतात ते तिकडचे कॉम्प्युटरच परस्पर लिहून घेतात म्हणे. आमच्या जागेत मोबाइलचं दुकान आहे. अर्थिंगचा पाइप अजून मागे असेल, मी बघायला गेले नाही. दिलीप आता पुण्याला असतो, आणि त्याच्या फ्लॅटच्या खाली बँडवाल्यांचं ऑफिस आहे, हे सांगताना मला अजून हसू आवरत नाही. त्या खोलीत आम्ही सहा जण एकमेकांकडे पाठ करून, कान झाकून बसायचो. तरी इतकं एकमेकांजवळ मी नंतर कुठल्याच ऑफिसात बसले नाही.

तर दिवाळी झाली. भाऊबीजेनंतरच्या सोमवारी गणपतकाका आले. खांद्यावर टॉवेल, हातात पिशवी, पिशवीत आमच्यासाठी नवे पोहे. वनिताने त्यांना पाहिलं आणि आपला डबा, रुमाल, कंगवा पर्समध्ये भरायला घेतलं.

सर पुढे झाले. दिवाळीआधी आलेलं ते आभाराचं पत्र त्यांनी काकांपुढे धरलं. काकांनी ते उलटसुलट करून परत दिलं. "चांगलंच हाय. पन मला अजून समजलं नाय, ही करते काय? कानाला लावून बसायचं ही कसली नोकरी?"

"मोठ्यानं बोला, सर," वनिता म्हणाली. "गिरनीनं बाबांना मानसाचं कमी ऐकाय येतं."

सरांना काय सुचलं कोण जाणे, त्यांनी काकांना वनिताच्या खुर्चीवर बसवलं, तो मोठा हेडफोन त्यांच्या टोपीवरून लावला आणि त्याच घर्रर्रवाल्या डॉक्टरची नुकतीच आलेली फाइल सुरू केली. इंग्रजीचा एक शब्द काकांना येत नव्हता. आम्ही सगळे काम सोडून त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. वनिता पर्स छातीशी धरून उभी होती.

काकांनी डोळे मिटले. एक मिनिट गेलं. दोन गेली. सरांनी फाइल थांबवायला हात पुढे केला, तर काकांनी तो हात बाजूला केला.

मग डोळे उघडून म्हणाले, "पट्टा सैल हाय त्याचा."

"कुणाचा?" सर ओरडून म्हणाले.

"हा बोलतोय ना, त्याच्या मागं मशीन हाय. पट्टा सैल झालाय, घासतोय. आठपंधरा दिवसांत तुटंल. सांगा त्याला."

"काका, तो अमेरिकेत आहे!"

"मंग काय झालं? पट्टा तिथं पन तुटतोच ना!"

दिलीप हसायला लागला. मी त्याच्या पाठीत एक दणका घातला. काकांनी हेडफोन काढला, दोन्ही हातांनी जपून टेबलावर ठेवला आणि उभे राहिले. वनिता दारापर्यंत गेली होती.

"तू कुठं निघालीस गो?" काका म्हणाले.

"घरी. तुमी न्यायला आलात ना?"

"त्याला कोन सांगंल मंग? या पोराला तर हसायलाच येतंय."

काकांनी पोह्याची पिशवी माझ्या हातात दिली. "मशीन बंद पडली तर त्या डाक्तरच्या दारात मानसं खोळंबतील. बस तू. गिरनीला मी हाय." आणि टॉवेल झटकून ते टोकावड्याच्या जीपकडे चालायला लागले.

वनिता खुर्चीवर येऊन बसली. संध्याकाळी फाइली गेल्या. त्या गेल्यावर सरांनी सहज तिची चिठ्ठी उघडून पाहिली आणि माझ्यापुढे धरली. एरवी मोकळ्या जागांबद्दल जिथे लिहायचं तिथे तिने स्वच्छ इंग्रजीत लिहिलं होतं: सर, तुमच्या मागच्या मशीनचा पट्टा सैल आहे. कृपया तपासून घ्या.

"गेलं!" सर म्हणाले. "सगळं काम गेलं!"

मंगळवारी त्या डॉक्टरकडून काही आलं नाही. बुधवारी नाही. गुरुवार, शुक्रवार नाही. वनिता दुसऱ्या डॉक्टरांच्या फाइली करत होती, आणि दर फाइलीनंतर उठून सरांच्या कॉम्प्युटरवर बघून येत होती.

सोमवारी फाइल आली.

सगळे तिच्या खुर्चीमागे जमलो. तिने हेडफोन लावला, पेडल दाबलं आणि मान खाली घालून ऐकत राहिली. सरांना धीर निघेना. "काय म्हणतोय? चिडलाय का? अगं, काय म्हणतोय तो?"

वनिताने एक कान मोकळा केला.

"बदलला त्यानं," ती म्हणाली, आणि टाइप करायला लागली.